‘गाडी ठीक आहे’ म्हणण्याचा हक्क

खानदेशात आखाजी जवळ आली की मोटरसायकलींची मागणी वाढते. सासरी असलेल्या बहिणीला माहेरी आणायला मुराळी निघतो, आणि आता तो बहुतेक वेळा दुचाकीवरच निघतो. ज्याच्याकडे गाडी नाही तो चुलतभावाची, मित्राची, शेजाऱ्याची मागतो. देणारा किल्ली हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘घेऊन जा, गाडी एकदम ओके आहे.’ मागणाराही पुढे काही विचारत नाही. येताना त्याच गाडीवर मागे बहीण असते, तिच्या मांडीवर लेकरू असतं, टाकीवर पिशवी असते. एप्रिल-मेचं ऊन असतं आणि समोरून ट्रक येत असतात.

मला प्रश्न पडतो तो या ‘ओके आहे’बद्दल. देणारा खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पण त्या वाटण्याला आधार काय, तर काल गाडी चालली होती, एवढाच. मग एखादी गोष्ट प्रामाणिकपणे खरी वाटते म्हणून ती दुसऱ्याला सांगायला आपण मोकळे होतो का? की तसं वाटून घेण्याआधीही आपल्याकडून काहीतरी अपेक्षित असतं?

प्रश्न जुना आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तो चाकाच्या बेअरिंगवरून समजून घ्यावासा वाटतो, कारण तिथे उत्तर हाताला लागतं.

चाकाच्या पोटात काय असतं

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं तर अंतर साधारण 90 किलोमीटर. अठरा इंची चाकाचा घेर टायरसकट पावणेदोन ते दोन मीटर असतो. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात चाक सुमारे 48 हजार वेळा फिरतं. हे सगळं फिरणं पेलतात ती हबमधली दोन छोटी बेअरिंगं. पुष्कळ गाड्यांत मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक असतं.

बेअरिंगवर 6301 किंवा 6202 असा आकडा कोरलेला असतो. शेवटच्या दोन अंकांवरून मधल्या भोकाचं माप कळतं. 01 म्हणजे 12 मिलिमीटर, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17. बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट बसवलेली असते. आतल्या रिंगमधून एक्सल जातो. दोन्ही रिंगांच्या मध्ये गोट्या असतात.

दोन बेअरिंगांच्या मधोमध एक नळी असते, तिला कोणी कॉलर म्हणतं, कोणी स्पेसर. एक्सलचा नट आवळला की त्याचा दाब एका बेअरिंगच्या आतल्या रिंगवरून या नळीत आणि नळीतून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या रिंगवर जातो. गोट्यांवर तो दाब येत नाही. म्हणून नट पूर्ण आवळला तरी चाक मोकळं फिरतं. ही नळी झिजून आखूड झाली, किंवा कोणी चाक जोडताना घालायचीच विसरलं, तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगं आडवी दाबली जातात आणि काही दिवसांत खलास होतात. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

आणि एक गोष्ट सुरुवातीला विचित्र वाटते. नव्याकोऱ्या बेअरिंगमध्येही थोडा प्ले असतो. प्ले म्हणजे जागच्या जागी हलण्याची मोकळीक. 12 मिलिमीटर भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये ती 3 ते 18 मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. बेअरिंगवर ‘सी 3’ लिहिलेलं असेल तर ही मोकळीक मुद्दाम जास्त ठेवलेली असते, 11 ते 25 मायक्रॉन. बेअरिंग हबमध्ये घट्ट बसलं की बाहेरची रिंग किंचित आवळली जाते, आणि चालताना तापल्यावर धातू फुगतो. त्यासाठी जागा लागते. ती नसेल तर गोट्या अडकतील.

पाच मिनिटांचं काम

घरी तपासायला फारसं काही लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यावी. पुढचं चाक उचलण्यासाठी कोणाला तरी मागे दाबून धरायला सांगावं. चाकाला वर आणि खाली, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे धरावं आणि एका हाताने ढकलत दुसऱ्याने ओढावं. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तेच करावं. हबमधली बारीकशी ढिलाई रिमपाशी कित्येक पटींनी मोठी होऊन येते, म्हणून हाताला ती कळते. ‘टक’ असं लागलं तर कुठेतरी काहीतरी सैल आहे.

कुठे, हे शोधणं हा खरा भाग. चाकाबरोबर फोर्कही हलत असेल तर दोष कोनसेटचा असू शकतो. फोर्क स्थिर आहे आणि चाक त्याच्या आत हलतंय, तर बेअरिंग. मागच्या चाकाला चिमट्याचा बुश हा दुसरा संशयित, म्हणून एक हात चिमट्यावर ठेवून बघावं. त्यानंतर चाकाला एक्सलच्या दिशेने, सरळ डावी-उजवीकडे ढकलावं. हा एंड प्ले. इथेही हाताला ठोका लागता कामा नये. शेवटी चाक गरकन फिरवून फोर्कवर तळहात ठेवावा. बेअरिंग खराब असेल तर घरघर कानाआधी हाताला समजते.

पंक्चरसाठी चाक खोललंच असेल तर आतल्या रिंगमध्ये बोट घालून ती हळू फिरवावी. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. खराब झालेलं अडतं, खरखरतं, किंवा जास्तच मोकळं खुळखुळतं. बाहेरची रिंग हबमध्ये फिरत नाही ना, तेही बघावं. चाक परत जोडून नट आवळल्यावर ते आधीइतकंच मोकळं फिरायला हवं. नट आवळल्यावर जड झालं तर मधल्या नळीत गडबड आहे.

खोलायचं नसेल तर एवढ्याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं.

जहाजाचा मालक

1877 साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एक जहाजमालक येतो. जहाज जुनं आहे, त्याची अनेकदा दुरुस्ती झालेली आहे, आणि ते माणसांनी भरून दूर देशी निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते की एकदा नीट तपासून घ्यावं. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पाहिली, ही सफरही होईल. देवावर विश्वास ठेवावा, बांधणाऱ्या कारागिरांवर उगाच संशय घेऊ नये. हळूहळू त्याला खरोखर वाटू लागतं की जहाज उत्तम आहे. ते समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य. पण समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. पुढचं म्हणणं आणखी टोकदार आहे. समजा, जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. दोष बुडण्यात नाही. शंका तपासण्याऐवजी दाबून टाकण्यात आहे.

हे वाचताना आपली दुचाकी डोळ्यांसमोर येते. ‘आतापर्यंत काही झालं नाही’ हे वाक्य त्या मालकाचं आहे आणि आपलंही.

आपल्या कायद्यानेही जवळजवळ हीच भूमिका घेतली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 मध्ये सदोष वाहन रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. त्यात दोष माहीत असलेल्या माणसाबरोबर दुसराही एक माणूस धरलेला आहे. साधारण काळजी घेतली असती तर ज्याला तो दोष कळू शकला असता, तो. शिवाय स्वतः चालवणाऱ्याइतकाच, वाहन चालवू देणाराही त्या कलमात येतो. म्हणजे आखाजीला किल्ली देणारासुद्धा. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं सांगून भागत नाही. माहीत करून घेणं किती सोपं होतं, हा पुढचा प्रश्न असतो.

सगळंच कसं तपासणार?

यावर सरळ आक्षेप आहे. आपण लिफ्टमध्ये शिरताना तिची दोरी बघत नाही. औषधाची गोळी प्रयोगशाळेत नेत नाही. सगळं स्वतः तपासायचं तर जगणं थांबेल. समाज चालतो तो कामं वाटून घेतल्यामुळे. चाकाचं काम मेकॅनिकचं, त्याला पैसे दिले, विषय संपला.

आक्षेपात तथ्य आहे. मला वाटतं, तपासण्याची जबाबदारी आपल्याकडे कधी येते हे ठरवायला चार गोष्टी बघाव्यात. तपासणं सोपं आणि स्वस्त आहे का? चूक निघाली तर नुकसान मोठं आहे का? ते नुकसान आपल्याखेरीज दुसऱ्यालाही भोगावं लागेल का? आणि दुसरं कोणी ते तपासतंय का?

लिफ्ट तपासणारी माणसं नेमलेली असतात. औषधाच्या मागे यंत्रणा असते. खासगी दुचाकीच्या चाकामागे कोण आहे? नोंदणी 15 वर्षांसाठी होते आणि तोवर फिटनेस कोणी विचारत नाही. पीयूसीमध्ये धूर बघतात. विम्याला कागद लागतो. सर्व्हिसिंगला दिली तर ऑइल बदलतं, चेन ताणली जाते, गाडी धुतली जाते, पण चाक हलवून बघितलं की नाही हे आपण विचारतही नाही. 15 वर्षं त्या चाकाला दोन्ही हातांनी धरून बघायची खात्रीशीर जबाबदारी असलेलं माणूस एकच, गाडी वापरणारं.

चारही उत्तरं एकाच बाजूला पडतात असं फार कमी वेळा होतं. बेअरिंगच्या बाबतीत होतं.

विल्यम जेम्सने 1896 मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं होतं. काही प्रसंगी पुरावा येण्याची वाट बघत बसणं हाच एक निर्णय ठरतो आणि तिथे विश्वास टाकावा लागतो, असा त्याचा मुद्दा होता. मैत्री, प्रेम, श्रद्धा यांच्या बाबतीत मला तो पटतो. पण जेम्सनेही ही सूट पुराव्याने निकाल लागूच शकत नाही अशाच प्रश्नांपुरती ठेवली आहे. चाक हलतं की नाही याचा निकाल हाताने लागतो. तिथे श्रद्धेला काही काम नाही.

पंच मारलेली घट्ट फिट

आता जरा अवघड बाजू. समजा तपासलं आणि दोष निघाला. बेअरिंग बदलणं काही शे रुपयांत होतं. पण बाहेरची रिंग हबमध्ये फिरून फिरून तिची जागाच मोठी झालेली असेल तर नवं बेअरिंगही तिथे सैल बसतं. योग्य उपाय म्हणजे लेथवर हब मोठा करून त्यात बुश बसवणं किंवा हबच बदलणं. सोपा उपाय म्हणजे हबच्या आत पंच मारून खड्डे पाडायचे. खड्ड्यांच्या कडा वर येतात आणि बेअरिंग अडकून बसतं. हाताला घट्ट लागतं.

पण खरी फिट म्हणजे रिंग तिच्या पूर्ण घेरावर टेकलेली असणं. ॲल्युमिनियमचा हब गरम केला तर तो फुगतो. 37 मिलिमीटरची जागा तापमान 80 अंशांनी वाढवल्यावर सुमारे 0.07 मिलिमीटरने मोठी होते, एका केसाइतकी. तेवढ्यात नवं बेअरिंग सहज आत जातं आणि हब गार झाला की सगळीकडून सारखं धरलं जातं. पंच मारलेल्या हबमध्ये ते आठ-दहा टोकांवर टेकलेलं असतं. ती टोकं मऊ धातूची, थोड्याच दिवसांत चेपतात. मधल्या काळात चाक हलवून बघणाऱ्याला वाटतं, ठीक आहे.

म्हणजे तपासणीलाच फसवणारी दुरुस्ती शक्य असते. आणि याचा दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणं बरोबर नाही. बऱ्याचदा गिऱ्हाईकच म्हणतं, ‘आता चालेल असं करून दे, पुढच्या महिन्यात बघू.’ लेथला चाक दिलं तर गाडी दिवसभर उभी. पहाटे दूध घालणाऱ्याला, एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याला, खेड्यापाड्यात कपडे विकणाऱ्याला तो दिवस परवडत नाही. क्लिफर्डचा मालक नफ्यासाठी डोळे मिटत होता. हा माणूस उद्याच्या भाकरीसाठी मिटतो. दोघांना एका तराजूत तोलणं मला जमत नाही.

तरी एक फरक उरतो. चाकात दोष आहे हे ज्याला माहीत आहे, तो दुरुस्ती लांबवूनही बरंच काही करू शकतो. सावकाश चालवू शकतो. मागे कोणाला बसवणार नाही. हायवे टाळेल. आणि कोणी गाडी मागितली तर किल्ली देणार नाही, किंवा दिलीच तर सांगून देईल. दोष न तपासणाऱ्याकडे यातलं काहीच करायला कारण नसतं. पैसा नसताना दुरुस्ती टाळणं समजू शकतं. माहितीला मात्र पैसा लागत नव्हता.

वजनाचं गणितही ध्यानात ठेवावं. गोट्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं हिशेबी आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या भागावर येतं. ट्रिपल सीट जाताना मागचं चाक हेच गणित सोसत असतं.

कॅटलॉगचं वचन कोणाला असतं

बेअरिंगचं आयुष्य कॅटलॉगमध्ये ज्या पद्धतीने मोजतात तिला ‘एल 10’ म्हणतात. अर्थ असा, की एकसारख्या बेअरिंगांपैकी 90 टक्के एवढे फेरे पूर्ण करतील आणि 10 टक्के त्याआधीच जातील. हे वचन समूहाला असतं. माझ्या चाकातलं बेअरिंग त्या नव्वदांत आहे की दहांत, हे कॅटलॉग सांगत नाही. चांगल्या कंपनीचं आहे, नवीन आहे, ही सगळी समूहाबद्दलची विधानं आहेत. किल्ली देताना आपण बोलतो ते मात्र एका गाडीबद्दल, आणि तिच्यावर बसणारी माणसंही मोजकी असतात.

आणि हाताने केलेल्या तपासणीलाही मर्यादा आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे डायक्स्ट्राने फार पूर्वी बजावून ठेवलंय: टेस्टमधून चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या तरी प्रोग्राम निर्दोष ठरत नाही. चाकाचं तसंच. ठोका लागला नाही म्हणजे बेअरिंग अजून वर्षभर टिकेल असं नाही. आज हाताला कळण्याइतका दोष नाही, एवढंच.

मग तपासून काय मिळालं? आपण जे बोलतो ते आपल्याला माहीत आहे तेवढंच असण्याची शक्यता मिळाली. ‘गाडी ओके आहे’ यात काहीच सांगितलेलं नसतं. ‘परवा दोन्ही चाकं हलवून बघितली, प्ले नव्हता, मागचा ब्रेक थोडा कमी लागतो’ हे सांगणारा माणूस कमी ठाम वाटेल, पण ऐकणाऱ्याला वापरता येईल अशी माहिती देत असतो.

मोकळीक किती

याचा अतिरेक होऊ शकतो. दर सकाळी चाक हलवणारा, मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक नट परत खोलायला लावणारा माणूस कोणालाच नको असतो. शंकेलाही माप हवं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात. त्यांचा नट आधी आवळतात, मग थोडा मागे घेतात आणि खिळ्याने अडवतात. आवळून तसाच ठेवला तर बेअरिंग जळतं, फार सोडला तर चाक डुगडुगतं. मेकॅनिकवरचा विश्वासही असाच बसवावा लागतो. पंक्चर काढताना, सर्व्हिसिंगनंतर, लांबच्या प्रवासाआधी आणि गाडी दुसऱ्याला देताना बघितलं, की मधले दिवस निर्धास्त राहायला हरकत नाही.

उरतो प्रश्न मनाचा. जळगावहून निघालेला रस्ता ज्या धुळ्यात पोचतो, तिथल्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ तयार झालं. त्यात विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा स्वतःचा अर्थ लावला आहे. बाहेरून केलेल्या कर्माला आतून मिळालेली मनाची साथ म्हणजे विकर्म. ती नसेल तर कर्म कोरडं राहतं.

हे फार उंचावरचं वाटेल, पण चाकापाशी ते अगदी साधं आहे. ‘ठीकच असणार’ असं आधी ठरवून चाक हलवलं तर बारीक ठोका हाताला लागूनही कळत नाही. हात तेच करत असतात, वेळही तेवढाच जातो, पण तपासणी झालेली नसते. जहाजमालकानेही कदाचित डेकवर एक चक्कर मारली असती आणि हवं तेच पाहून खाली उतरला असता. निघालेलं उत्तर मान्य करायची तयारी असेल तरच ते बघणं ठरतं. लग्नाची तारीख ठरलेली असताना, बहीण वाट बघत असताना, ‘आज ही गाडी नेऊ नकोस’ असं म्हणायची तयारी.

येत्या आखाजीला कोणी गाडी मागितली तर नाही म्हणायचं कारण नाही. आदल्या संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर घ्यावी, चाकांना हात लावावा, आणि जे कळलं ते किल्लीबरोबर सांगावं. आणि गाडी मागायला आपणच गेलो असू, तर बहिणीला मागे बसवण्याआधी तीच पाच मिनिटं आपण द्यावीत.